लाकडी नंदी आणि जेट विमान
(प्रस्तावना)

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या जागी हळद-लोणी चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. पोळ्याला खरे बैल तोरणाखाली उभे राहतात. दुसरा दिवस मुलांचा, तान्ह्या पोळ्याचा. सुताराने घडवलेला, चाकांच्या पाटीवर बसवलेला लाकडी नंदी सजवायचा, दोरीने ओढत गावातून मिरवायचा आणि घरोघरी बोजारा, म्हणजे पोरांना द्यायची भेट, मागायचा. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात रुजलेली ही रीत. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच्याबरोबर आमचे लालबर्राही राहिले. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, घरात कोणाकडे मराठी, कोणाकडे पोवारी, कोणाकडे गोंडी. पोळा मात्र सगळ्यांचा.

विमानाच्या पुस्तकात बैल कुठून आला, ते पुढे कळेल.

मोठ्या वस्तूची लहान प्रत कशासाठी करायची, हे मला त्या नंदीनेच शिकवले. त्याची शिंगे खऱ्या बैलापेक्षा मोठी असतात, वशिंड उगाच उंच असते, पायांची जाडी कुठल्याच मापात बसत नाही. तरी पोराला ठाऊक असते की हा आपल्या गोठ्यातल्या बैलाचा नंदी आहे, आणि परवा संध्याकाळी त्या बैलाची खांद शेकताना आपण दिवा धरून उभे होतो. आधी खांद, मग तोरण, मग खेळणे असा तो क्रम आहे. कष्ट कोणी केले हे आधी कळते, प्रत नंतर हातात येते.

या पुस्तिकेत एकाच विमानाची प्रत कशी बांधायची आणि रंगवायची हे सांगितले आहे. विमान दुसऱ्या महायुद्धातले, जर्मनीचे, मेसरश्मिट एमई २६२. लढाईत नियमितपणे उतरलेले जगातले पहिले जेट लढाऊ विमान. जर्मन त्याला 'श्वाल्बे' म्हणत, म्हणजे आपली पाकोळी. हस्तलिखित वाचलेल्या दोघा-तिघांनी मला एकच प्रश्न विचारला : लालबर्र्याच्या पोरांनी हिटलरचे विमान का बांधावे? प्रश्न रास्त आहे. ही प्रस्तावना म्हणजे त्याचेच उत्तर, आणि ते जरा लांबले आहे.

आधी मापाचे बोलू. बाजारात विमानांच्या मॉडेलची किट्स मुख्यतः तीन मापांत मिळतात : एकास बहात्तर, एकास अठ्ठेचाळीस आणि एकास बत्तीस. आकडे विचित्र वाटतात, कारण ते फूट-इंचांच्या जमान्यातले आहेत. सहा फुटी माणूस एक इंचाचा केला की एकास बहात्तर होते. एका फुटाला पाव इंच धरला की एकास अठ्ठेचाळीस. आपण एकास अठ्ठेचाळीस घेतले आहे. खऱ्या विमानाचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेबारा मीटर, तो आपल्या टेबलावर २६ सेंटिमीटरचा होतो. साडेदहा मीटरपेक्षा थोडी जास्त असलेली लांबी २२ सेंटिमीटरवर येते. वैमानिक साडेतीन सेंटिमीटरचा. आणि लक्षात ठेवायची गोष्ट अशी की मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे जवळजवळ पाच सेंटिमीटर. दोन भाग चिकटवताना राहिलेली केसाएवढी फट खऱ्या विमानात काडी जाईल एवढी होते. एकदा हा हिशेब डोक्यात बसला की पॉलिश पेपर आळसाने घासला जात नाही.

हा छंद वाटतो तितका निरागस नाही. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून विमानांची पाच लाख लाकडी मॉडेल्स मागवली होती. सगळी एकास बहात्तर मापाची आणि काळ्या रंगाची. आकाशात दिसलेली सावली आपल्या विमानाची की शत्रूच्या, हे सैनिकांना ओळखता यावे म्हणून. शाळेच्या कार्यशाळेत पोरांनी तासलेल्या लाकडावरून तोफा चालवणाऱ्यांची नजर तयार होत होती. आज जगभर चालणाऱ्या या छंदाच्या मापाची एक मुळी तिथवर जाते.

आता विमान. १८ जुलै १९४२ रोजी लाइपहाइमच्या धावपट्टीवरून फ्रिट्झ व्हेंडेल हा वैमानिक हे विमान निव्वळ जेट इंजिनांवर पहिल्यांदा वर घेऊन गेला. तेव्हा त्याला पुढचे चाक नव्हते, मागे शेपटीखाली होते. त्यामुळे जमिनीवर असताना नाक वर, शेपूट खाली. शेपटीचा आडवा पंख मुख्य पंखाच्या सावलीत सापडे आणि विमान कितीही पळाले तरी शेपूट उचलेना. व्हेंडेलने धावता धावता ब्रेकला हलकासा पाय लावला, विमानाने पुढे मान टाकली, शेपूट वर आली आणि मग उड्डाण झाले. पुढच्या नमुन्यांत चाक नाकाखाली गेले.

पंख मागे झुकलेले दिसतात, ते पाहून कोणालाही वाटते की हे वेगासाठी केले असणार. मूळ कारण वेगळे आहे. इंजिने ठरल्यापेक्षा जड निघाली, विमानाचा तोल सरकला, आणि तो सावरायला पंखांची बाहेरची बाजू मागे वळवावी लागली. सुमारे साडेअठरा अंशांचा हा झुकाव म्हणजे आधी एक दुरुस्ती होती. पुढे जगाने त्यालाच सौंदर्य म्हटले. सपाट उड्डाणात ताशी ८७० किलोमीटर हा वेग त्या काळच्या कुठल्याही पंख्याच्या लढाऊ विमानाच्या आवाक्याबाहेर होता. नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा. असे असूनही युद्धाचा निकाल या विमानाने बदलला नाही. सुमारे १,४३० विमाने तयार झाली, प्रत्यक्ष लढाईपर्यंत पोहोचली ती त्यातली काही शेच. हिटलरने त्याचे बॉम्बफेकी विमान करायचा हट्ट धरला म्हणून उशीर झाला, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. खरी अडचण इंजिनाची होती.

ते इंजिन म्हणजे युंकर्सचे युमो ००४. आन्सेल्म फ्रान्झ या इंजिनिअरच्या हाताखाली तयार झालेले. पुढे हवा दाबणारी पात्यांची आठ चक्रे, मध्ये सहा ज्वलनकक्ष, मागे एक टर्बाइन. इंजिनाच्या तोंडाशी जो टोकदार शंकू दिसतो, त्याच्या पोटात एक चिमुकले टू-स्ट्रोक इंजिन बसवलेले असे. मोठे इंजिन फिरवून सुरू करणे एवढेच त्याचे काम. ते विजेवर सुरू होई. वीज नसली तर शंकूच्या टोकाला असलेली कडी धरून दोरी ओढायची. धानाच्या बांधीला पाणी देण्यासाठी दोरी ओढून पंप सुरू करणाऱ्या कोणालाही ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. मॉडेलमध्ये ही कडी कशी करायची ते तिसऱ्या प्रकरणात आहे. विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार पुरते.

आणि इथे आमच्या जिल्ह्याचा दगड येतो. जेट इंजिनाच्या तापात टिकणाऱ्या धातूला निकेल, कोबाल्ट, क्रोमियम लागते. जर्मनीकडे त्यांची टंचाई. म्हणून ज्वलनकक्ष साध्या पोलादाच्या पत्र्याचे केले आणि त्याला ॲल्युमिनियमचा मुलामा दिला. टर्बाइनची पाती आधी टिनिडुर नावाच्या मिश्रधातूची होती. त्यात सुमारे ३० टक्के निकेल. पुढे निकेल वगळून क्रोमाडुर नावाचा मिश्रधातू काढला आणि निकेलचे काम बऱ्याच अंशी मँगनीजवर सोपवले. पाती आतून पोकळ केली, म्हणजे धातूही वाचला आणि आतून हवा खेळून तापही उतरला. एवढे करून त्या इंजिनाचे आयुष्य किती, तर १० ते २५ तास. आमच्याकडे धान काढायच्या मळणी यंत्राचे इंजिन एका हंगामात यापेक्षा जास्त चालते.

भरवेली, उकवा, तिरोडी ही नावे बालाघाटच्या पोरांना पाठ असतात. १८९६ साली सुरू झालेल्या इंग्रजी सिंडिकेटपासून आजच्या नागपूरच्या मॉइल कंपनीपर्यंत या खाणींतून मँगनीज निघते आहे. भरवेलीची बालाघाट खाण ही मॉइलची सर्वांत मोठी खाण, जमिनीखाली चारशे मीटरच्याही खाली गेलेली. ट्रकमधून सांडलेला तो काळा, जड दगड आम्ही लहानपणी लगोरीला वापरत असू. भरवेलीचा दगड जर्मनीच्या पाकोळीत गेला असे मुळीच नाही; तो तेव्हा इंग्रजांच्या, म्हणजे जर्मनीच्या शत्रूच्या ताब्यात होता. जर्मनीचे मँगनीज युक्रेनमधल्या निकोपोलहून येई, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये तेही सोव्हिएत फौजांनी परत घेतले. पण आपल्या लगोरीतला दगड कोणत्या कामाचा असतो, तो नसला की काय होते, हे आपल्या मुलांना एखाद्या यंत्राच्या पोटात पाहता यावे असे मला वाटले. हे विमान निवडण्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण रंगाचे आहे. किटच्या खोक्यावरचे चित्र नेहमी चकचकीत असते. खरे विमान तसे नव्हते. १९४४-४५ सालात जी विमाने बाहेर पडली त्यांच्या पत्र्यांचे सांधे नीट जुळत नव्हते. सांध्यांत लांबी भरत, घासत आणि वर रंगाचा हात देत. लांबी हा शब्द आमच्या सुतार-रंगाऱ्यांचा. शहरात पुट्टी म्हणतात. काही विमानांना तर पूर्ण रंगही मिळाला नाही. उघड्या पत्र्यावर लांबीचे पट्टे तसेच, जणू फुटलेल्या मडक्याला डांबर लावावे तसे. कारागिरी मुळात वाईट नव्हती. वेळ नव्हता, माणसे थकलेली होती, रंग संपत आला होता. मॉडेल रंगवणाऱ्याचे काम ही घाई दाखवण्याचे आहे. गुळगुळीत केले की ते खोटे होते.

जर्मन हवाई मंत्रालयाने रंगांना क्रमांक दिले होते. या विमानाच्या पाठीवर बहुधा ८१ आणि ८२, पोटाला ७६, वैमानिकाच्या कक्षात काळपट राखाडी ६६. पुस्तकात ८१ ला तपकिरी-जांभळा म्हणतात, पण वेगवेगळ्या कारखान्यांतून तो वेगवेगळा निघाला. कुठे तपकिरी, कुठे हिरवट. मी मुलांना सांगतो की वाळलेला तेंदूपत्ता डोळ्यांसमोर आणा. ८२ म्हणजे रोवणीनंतर महिनाभराने बांधीत दिसणाऱ्या धानाचा हिरवा. ७६ म्हणजे शरदातल्या सकाळचे, अजून धुके न फिटलेले आभाळ. डबीतला रंग थेट लावू नका, त्यात दोन-चार थेंब पांढरा मिसळा. लांबून पाहिलेली वस्तू हवेमुळे फिकी दिसते, आणि लहान मॉडेल म्हणजे लांबून पाहिलेले विमानच असते. दोन रंगांची कड ब्रशने रेघ मारल्यासारखी नको. मूळ काम फवाऱ्याने आणि हाताने झालेले होते, ते जरा थरथरलेले दिसले पाहिजे. इंजिनाच्या मागच्या तोंडाशी जळका तपकिरी, चाकांवर धूळ. बाकी मळवण्याचा मोह आवरा. जे विमान महिना-दोन महिन्यांत पडले किंवा इंधनावाचून उभे राहिले, ते मळणार कधी?

आता तिसरे कारण. खरे सांगायचे तर पुस्तिका लिहिली ती यासाठी.

बॉम्बहल्ल्यांमुळे मोठे कारखाने उघड्यावर चालवणे अशक्य झाले, तेव्हा हे विमान तुकड्या-तुकड्यांनी बनू लागले. बवेरियातल्या बुरगाऊजवळच्या जंगलात झाडांच्या आडोशाला जुळणीची छपरे उभी राहिली आणि शेजारचा मोटाररस्ता धावपट्टी झाला. थुरिंगियात काहला गावाजवळ वाल्पर्सबेर्ग नावाची टेकडी आतून पोखरली. तिच्या माथ्यावर धावपट्टी केली आणि तयार विमान उतरत्या कड्यावरच्या लिफ्टने वर चढवले. ऑस्ट्रियात सांक्ट गेओर्गेनजवळ 'बेर्गक्रिस्टाल' नावाचे बोगदे खणले आणि त्यांत विमानांची धडे तयार होऊ लागली.

हे खणले कोणी? काहलाला युरोपभरातून धरून आणलेल्या हजारो वेठबिगारांनी, आणि त्यात पोरेसोरेही होती. सांक्ट गेओर्गेनला गुसेन छळछावणीतल्या कैद्यांनी. गुसेनच्या छावण्यांत मिळून मेलेल्यांची संख्या ३५,००० च्या आसपास धरतात. दगड फोडता फोडता, बोगद्याच्या धुळीत, भुकेने, माराने. काहलाच्या टेकडीवरून उडालेली विमाने किती, तर जेमतेम वीस-तीस.

म्हणून लांबी भरताना हात थांबला पाहिजे. त्या सांध्यावरून ज्याने बोट फिरवले तो कदाचित पोलंडमधला शेतकरी असेल, इटलीतला सुतार असेल, रशियातला शाळकरी मुलगा असेल. जगभरातल्या मॉडेलांच्या पुस्तकांत वैमानिकांची नावे असतात, त्यांनी किती विमाने पाडली याचे आकडे असतात, कोणत्या विमानाच्या नाकावर कोणता पिवळा अंक होता याची बारकाईने चर्चा असते. सांधा ज्याने जुळवला त्याचे नाव नसते. आपल्याकडे लाकडी नंदी मिरवतो, पण आधी खऱ्याची खांद शेकतो. विमानाच्या बाबतीत मात्र थेट मिरवणूक निघते.

आणि आता तो बैल. १९४५ साल उजाडले तेव्हा जर्मनीत इंधनाचा ठणठणाट होता. जेटला उंची पेट्रोल लागत नाही, कोळशापासून केलेले डिझेलसारखे तेल चालते. पण तेही थेंबाथेंबाने मिळत होते. जमिनीवर फिरताना ही इंजिने फार तेल पितात. म्हणून काही तळांवर जगातल्या सर्वांत वेगवान लढाऊ विमानांपैकी एक असलेले हे विमान धावपट्टीच्या तोंडापर्यंत गुरे जुंपून ओढत नेत. मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ताशी ८७० किलोमीटरचे यंत्र, आणि त्याच्यापुढे मान खाली घालून चाललेली जोडी. मी मॉडेल करतो तेव्हा विमानाच्या नाकापुढे एकास अठ्ठेचाळीस मापाची एक जोडी ठेवतो. आमच्याच सुताराने तासून दिलेली. प्रदर्शनात लोक हसतात, मग विचारतात, मग मी सांगतो.

एक अडचण शेपटीवरची. खऱ्या विमानाच्या शेपटीवर नाझींचे चिन्ह होते. जर्मनीत ते मिरवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पुष्कळ किट्सच्या डिकलमध्ये ते नसते किंवा तुकड्यांत दिलेले असते. आपल्या मुलांना ते पाहून काहीच वाटत नाही, कारण त्यांनी ते उंबऱ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, नव्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कुंकवाने काढलेले पाहिलेले असते. आपले स्वस्तिक सरळ उभे असते, त्याच्या चार घरांत चार ठिपके असतात. त्यांचे पंचेचाळीस अंशांत कललेले, काळे, ठिपके नसलेले. रेघा त्याच, आणि त्यांच्याखाली लाखो माणसे मारली गेली. मी मुलांना ते लावा असेही म्हणत नाही, लावू नका असेही म्हणत नाही. शेपूट रंगवायच्या दिवशी मी त्यांना समोर बसवून ही गोष्ट सांगतो आणि निर्णय त्यांच्यावर सोडतो. आतापर्यंत बहुतेकांनी ती जागा मोकळी ठेवली.

हे विमान बांधून झाले की थांबू नका. त्याच्या पुढची गोष्ट भारतात घडलेली आहे. युद्धाच्या अखेरीस फोके-वुल्फ कंपनीचा कुर्ट टांक हा अभिकल्पक मागे झुकलेल्या पंखांचे एक जेट विमान आखत होता. ते कागदावरच राहिले. युद्धानंतर तो अर्जेंटिनाला गेला आणि १९५६ साली आपल्या काही सहकाऱ्यांसह भारतात आला. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्याने आणि आपल्या इंजिनिअरांनी मिळून जे विमान केले ते एचएफ-२४ मारुत. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवले. एकूण १४७ मारुत बनली आणि त्यांतली काही १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढली. धड उत्तम, पंख उत्तम, पण त्याला हवे तेवढे ताकदीचे इंजिन कधी मिळाले नाही. पाकोळीचेच दुखणे वेगळ्या रूपाने. धातू आणि इंजिन ज्याच्या हातात नाही त्याचे विमान कितीही देखणे असले तरी अर्धे राहते, हा धडा दोन्ही विमाने शेजारी ठेवली की शब्दांवाचून कळतो. मारुत पाहायला परदेशी जावे लागत नाही. एक पुण्याच्या कमला नेहरू पार्कात उभे आहे, एक मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात. सहलीला गेलात तर बरोबर टेप न्या, वही न्या. शेवटच्या प्रकरणात बांबू, पुठ्ठा आणि शेवग्याच्या हलक्या लाकडातून मारुत उभे करण्याची एक रीत दिली आहे; ती सुधारायला भरपूर वाव आहे.

पुस्तिका मराठीत का, असेही विचारले गेले. आमच्याकडच्या मुलाला हिंदीतून वाचता येते, इंग्रजी पत्रकावरची चित्रे पाहून भाग जोडता येतात. पण लांबी, कानस, खाच, कड, पोत, झाक हे शब्द त्याने आजोबांच्या आणि सुताराच्या तोंडून मराठीत ऐकलेले असतात. हात ज्या भाषेत शिकतो त्या भाषेत लिहिलेले हाताला लवकर कळते. शिवाय गोंदियाजवळच्या बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी आहे. आज तिथे वैमानिक शिकतात आणि त्यांची लहान विमाने कधीमधी आमच्या बांध्यांवरून घरघरत जातात. रोवणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करून वर पाहतात. ते काय आहे हे घरी विचारले गेले, तर उत्तर घरच्या भाषेत देता आले पाहिजे.

दोन गोष्टी वापरासंबंधी. जोडकाम पावसाळ्यात करा, रंगकाम दिवाळीनंतर. आषाढ-श्रावणात थिनरचा रंग मारला की हवेतला ओलावा धरून त्यावर पांढरी झाक येते, आणि मग सगळे खरवडून पुन्हा करावे लागते. एअरब्रश नसला तर अडत नाही. पातळ रंगाचे चार हात मऊ ब्रशने, प्रत्येक हात वाळू देऊन. खोलीची खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लेड वापरताना लहान मुलाजवळ मोठ्या माणसाने बसावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. माझे पहिले विमान मी तीन महिने खपून बांधले, रंगवले, सुकवले आणि टेबलावर ठेवले. ठेवताक्षणी ते नाक वर करून शेपटीवर बसले, थेट १९४२ सालच्या त्या पहिल्या नमुन्यासारखे. नाकात वजन भरायचे मी विसरलो होतो. इंजिने मागे, शेपूट लांब. नाक जड असल्याशिवाय हे विमान आपल्या तीन चाकांवर उभे राहत नाही. वैनगंगेवरच्या ढीमरांकडे जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मिळतात, त्यांतल्या चार-पाच पुरतात. हाताळल्यावर हात मात्र साबणाने धुवा. बाहेरून त्या कोणाला दिसणार नाहीत. धडाचे दोन अर्ध एकमेकांना चिकटवण्याआधी त्या आत बसवा, कारण नंतर ते करता येत नाही.

लालबर्रा, तान्हा पोळा